हाल्मेरच्या वकिलातीतला नगारा

एक

राजदूत लूमन यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या लोकरीची गादी होती, गादीत नगाऱ्याच्या बुडाएवढा खळगा होता, आणि नगारा नव्हता.

कोबुसिंगे शेजारी अनवाणी उभी होती. वकिलातीत पाऊल टाकायचं तर बुरेम्बेच्या माणसानं वहाणा फाटकाबाहेर काढायच्या असा नियम होता, आणि तो पाळून घ्यायचं काम तिचंच होतं. परदेशी वकिलातींची ती अख्खी टेकडी तिच्या देखरेखीखाली. बुरेम्बेत लग्न असो की भांडण, शेवटचा शब्द आत्याचा असतो, म्हणून राजानं या कामावर एका आत्यालाच नेमलं होतं, आणि तेव्हापासून ती सगळ्या राज्याची आत्या झाली होती. नियम तिला तोंडपाठ. वकिलातीचं छप्पर राजवाड्याच्या गवती छपराहून उंच नको. शिपायानं पाहुण्याचं कुंपण ओलांडायचं नाही, चौकशीला आत जाईल ती फक्त आत्या. पाहुण्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्याची झडती घ्यायची नाही. पाहुणा आग घेतो, देत नाही. आणि शेवटचा, तिचा सगळ्यांत लाडका: कागोमा परत येईपर्यंत हाल्मेरच्या राजदूतानं दरबारात बुटक्या चौरंगावर बसायचं.

कागोमा म्हणजे तो नगारा. कडेवर घेता येईल एवढासा. राजघराण्यात मूल जन्मलं की वाजायचा. पणजोबांच्या काळात हाल्मेरच्या लोकांनी तो हिसकावून नेला, हे बुरेम्बेतलं शेंबडं पोरही सांगेल. बाकीच्या देशांचे राजदूत खुर्चीवर बसत आणि हाल्मेरचा उंचापुरा माणूस गुडघे हनुवटीला लावून चौरंगावर. दरबार गालातल्या गालात हसे. आज ते हसणं संपायचं होतं. हाल्मेरनं कागोमा परत पाठवला होता आणि दुपारी राजवाड्यात तो वाजायचा होता.

शरमेनं कोबुसिंगेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी आलेल्या पाहुण्याची वहाण हरवली तरी यजमानानं मान खाली घालायची असते. इथे तर पाहुण्यानं आपणहून परत आणलेली ठेव यजमानाच्या अंगणातून गेली होती. खोलीला कुलूप का नव्हतं, असं तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच नको म्हणालात," लूमन हळूच म्हणाले. "नगारा म्हणजे कैदी नव्हे, असं म्हणालात."

ती म्हणाली होती खरी.

दोन

राजाचा निरोप आला, सूर्य बुडायच्या आत चोर हवा. त्याला कारण होतं. वर्ष संपताना बुरेम्बेतली एकूण एक चूल विझते, वकिलातींतलीसुद्धा. एक अख्खा दिवस कुणी आग पेटवायची नाही. दुसऱ्या दुपारी राजवाड्यात नवी आग पेटते आणि संध्याकाळपर्यंत निखारे घरोघरी जातात. ज्या घरी निखारा पोचला नाही ते घर वर्षभर थंड. काडेपेटी मिळते की दुकानात, पण तसल्या चुलीवरचं कुणी खात नाही आणि तसल्या घरात कुणी मुलगी देत नाही. पाहुण्याचं घर लुटणाऱ्याला हीच शिक्षा.

फाटकावरचा पहारेकरी रुहेगा याच्याकडून तिनं माहिती काढून घेतली. काल आग विझलेल्या संध्याकाळी तिघंच आत-बाहेर झाली होती. दरबाराचा मानकरी काटेरेगा पेटीवर दूध शिंपडायला आला आणि रिकामा भोपळा हलवत गेला. मग नगारखान्याचे बिरुंगी मामा थोरला नगारा हातगाडीवर घालून आले. परक्या घरातल्या शेवटच्या रात्री नगाऱ्याला सोबत लागते. दोन नगारे एका खोलीत ठेवायचे, बोलू द्यायचे आणि पुन्हा निघायचं, अशी रीत. मामा थोरला नगारा घेऊन आले आणि थोरला नगारा घेऊन गेले. शेवटी वकिलातीची स्वयंपाकीण तिबेसा झाकलेली टोपली घेऊन घरी गेली. तिघंही काही वेळ पेटीपाशी एकटी होती आणि झडती कुणाचीच झाली नव्हती, कारण घ्यायची नसतेच.

काटेरेगाला तिनं फाटकातच गाठलं. तो तोंडाचा फटकळ.

"माझ्यावर संशय घे, आत्या, मला राग नाही. तो चौरंग दरबारात आणायचा मान माझ्या घराण्याचा. नगारा आला की चौरंग गेला, चौरंग गेला की काटेरेगाला कोण विचारतो? पण दुधाच्या भोपळ्यात नगारा मावतो का, ते तू सांग."

मामांवर तर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. कागोमा आज त्यांच्याच मांडीवर यायचा होता; आपल्या ताटात पडणारा घास कोण कशाला चोरेल? गेल्या आठवड्यात लूमननी त्यांना पेटी उघडून दाखवली तेव्हा म्हातारा ढसाढसा रडला होता. कोबुसिंगेची आई लवकर गेली. मामांनीच तिला नगारखान्यात वाढवलं होतं. त्या दिवशी मामांना रडताना बघून तिचेही डोळे भरून आले होते.

घरी आलेल्याला द्यायच्या रीतीप्रमाणे लूमननी भाजलेल्या कॉफीच्या बियांची टोपली तिच्यापुढे केली. तिनं हात मागे घेतला. चोर सापडेपर्यंत तुमच्या घरचं काही तोंडात घालणार नाही म्हणाली. लूमननी टोपली ठेवली, गुडघा चोळला आणि एक भलताच प्रश्न विचारला. कागोमाच्या कातडी पट्ट्या टोकाशी इतक्या सुबक का बांधल्या होत्या? लाल मणी ओवून, जाळीदार गाठ मारून? लुटणारे लोक असं नटवत बसत नाहीत.

"आमचे नगारे नटलेलेच असतात," कोबुसिंगे तोडून म्हणाली. हाल्मेरच्या माणसानं नगाऱ्यांबद्दल तिला विचारावं याचाच तिला राग आला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. चुलीतली राख नीट सारवून ठेवली होती, जरा जास्तच नीट. तिनं तळहात राखेत खुपसला. राख खालून कोमट होती.

तीन

आग विझलेल्या रात्री या घरात कुणीतरी चूल पेटवली होती.

तिबेसाला फाटकापाशी आणलं तेव्हा नगाऱ्याच्या मिरवणुकीसाठी जमलेली सगळी वस्ती तिथेच होती. कोबुसिंगेनं तिला आत घेऊन विचारायला हवं होतं. पण काटेरेगा शेजारी उभा होता, लोक बघत होते, पाहुण्यापुढे राज्याची अब्रू जात होती, आणि आत्याला घाई झाली होती. तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"आग मी पेटवली," तिबेसा म्हणाली. "नगारा मी नेला नाही."

"कशाला पेटवलीस?"

तिबेसा गप्प. टोपलीत काय होतं? उकडलेली शिळी केळी. कुणी बघितली? कुणी नाही. मग आग कशाला?

"जिनं देवाची आग मोडली ती पेटीचं झाकण मोडायला भिईल होय?" काटेरेगानं गर्दीला ऐकू जाईल असं विचारलं. मागून कुणीतरी थुंकलं.

कोबुसिंगेनं हात वर केला आणि नियम म्हणून दाखवला: पाहुण्याचं घर लुटणाऱ्याच्या चुलीत निखारा पडणार नाही. तिबेसाचा म्हातारा सासरा गर्दीत काठी टेकून उभा होता, तो मटकन खाली बसला. त्या घरात दोन लग्नाच्या पोरी होत्या.

"आत्या," तिबेसा म्हणाली, "माझ्या लग्नात तुम्हीच माझ्या डोक्यावर हात ठेवला होता."

ती खाली मान घालून निघून गेली. गर्दीनं तिला वाट दिली, म्हणजे तिच्यापासून अंग चोरलं. एवढ्यात आपल्या देशाशी फोनवर बोलून लूमन बाहेर आले. काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ती आग माझ्यासाठी होती," ते म्हणाले. "थंडीत माझे गुडघे धरतात. काल जमिनीवर बसलो तो उठताच येईना. तिनं पाणी तापवून शेक दिला. मी नको म्हणत होतो. हे बाहेर कळलं तर वकिलातीनं आग मोडली असं होईल, म्हणून ती मलाच म्हणाली, साहेब, तुम्ही बोलू नका."

गुडघे कशानं गेले, हे ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही नव्हती.

चार

टेकडीच्या पायथ्याशी तिची कचेरी होती. तिथे येऊन ती बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं लोक हसत हसत म्हणतात. सुळी देणारा हात आपला असला की हसू येत नाही. पण शब्द तोंडातून गेला होता. आता खरा चोर सापडल्याशिवाय तिबेसाच्या घरी निखारा न्यायला राजाही तयार होणार नव्हता. शेकाचं ऐकून काटेरेगानं आधीच सांगून टाकलं होतं, की दयाळू बायका चोऱ्या करत नाहीत असं कुठल्या नियमात आहे?

दुपार झाली. कागोमाविनाच राजवाड्यात नवी आग पेटली आणि बिरुंगी मामांनी थोरल्या नगाऱ्यावर टोला दिला. धूम्म. आवाज दरीत उतरला, टेकडी चढून परत आला. कोबुसिंगेनं लहानपणापासून ऐकलेला आवाज. मोकळा, भरदार.

आणि तिला कालचा टोला आठवला.

काल संध्याकाळी ती इथेच बसली होती. नगारा कुठलाही उंबरा ओलांडतो तेव्हा त्याच्यावर एक टोला द्यायचा असतो. मामा वकिलातीत शिरले तेव्हा असाच आवाज आला होता, धूम्म. ते निघाले तेव्हा मात्र आला होता थप्प, पीठ भरलेल्या पोत्यावर थाप मारावी तसा. तिला तेव्हाच तो खटकला होता. पण तिनं मनाशी म्हटलं होतं, आज राज्यात आग नाही, कातडं शेकायला मिळालं नाही, धुक्यानं ओलावलं असेल.

ती उठली आणि पुन्हा टेकडी चढली. रुहेगाला तिनं एकच गोष्ट विचारली, काल धुकं कधी होतं?

"मामा आले तेव्हा होतं की. हातगाडी दिसत नव्हती इतकं. ते जाईपर्यंत वारा सुटला, सगळं लख्ख. माझी ओली घोंगडी वाळली बघा त्या वाऱ्यानं."

म्हणजे ओल्या हवेत नगारा घुमला होता, आणि कोरड्या वाऱ्यात त्याचा आवाज बसला होता. उलटं व्हायला हवं होतं. येताना आग नव्हती, जाताना आग नव्हती, कातडं तेच, हात तोच. बदललं होतं फक्त नगाऱ्याचं पोट. लहानपणी एकदा, थोरल्या नगाऱ्याचं खालचं कातडं सैल केलेलं असताना, तिनं आत मांजराचं पिलू लपवलं होतं. मामांनी वर थाप मारली आणि लगेच म्हणाले होते, कोबु, काढ ते बाहेर.

आज दुपारी नगारा पुन्हा मोकळा वाजला होता. म्हणजे पोटातलं बाहेर निघालं होतं.

टोला न देता मामा गुपचूप निघून गेले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण नगारखान्याचा माणूस नगारा मुका ठेवून उंबरा ओलांडत नाही. चोरी करतानासुद्धा त्यांच्या हातानं रीत पाळली होती.

तिनं रुहेगाला काहीच सांगितलं नाही. वहाणा हातात घेऊन ती नगारखान्याकडे निघाली, तेव्हा सूर्य कलायला लागला होता.

पाच

नगारखान्याच्या छपरातून धूर निघत होता. नव्या आगीचा मान पहिला नगारखान्याला असतो. आत बिरुंगी मामा चुलीपाशी बसले होते, चुलीवर पाण्याचं मडकं होतं, आणि मांडीवर, झाडाच्या सालीच्या ओल्या कापडात, कागोमा.

"दार लावून घे, कोबु," ते म्हणाले.

तिनं दार लावलं नाही. "तिबेसाच्या घरी निखारा जाणार नाही, मामा."

"कानावर आलंय."

"कानावर आलंय, आणि तुम्ही पाणी तापवत बसलात?"

म्हाताऱ्यानं कापड बाजूला केलं आणि पट्ट्यांचं टोक तिच्यापुढे धरलं. लाल मणी, जाळीदार गाठ. कोबुसिंगेनं वाकून ती गाठ बोटांनी चाचपली. ती नगारखान्यात वाढलेली. तिला कुणी समजावायची गरज नव्हती. ही पाठवणीची गाठ. मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्या मनगटावर बांधतात ती, आणि नगारा कुणाला राजीखुशीनं द्यायचा तर त्याच्या पट्ट्यांवर नगारखान्याच्याच माणसानं बांधायची ती. हिसकावून नेलेल्या नगाऱ्यावर ती असूच शकत नाही.

"माझ्या आजोबानं बांधलीय," मामा म्हणाले. "त्याचा हात मी ओळखतो. शेवटचा फेरा तो उलटा घ्यायचा."

मग त्यांनी सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत. देवीची मोठी साथ आली तेव्हा हाल्मेरच्या एका वैद्यानं इथली पोरं वाचवली, हे जुनी माणसं सांगत. त्याला काय दिलं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. राजाचा नगारा परस्पर देऊन टाकला हे राजाला सांगायची आजोबाची छाती झाली नाही. त्यानं हिसकावून नेला म्हणून बोंब ठोकली. ती बोंब शंभर वर्षं टिकली.

"त्या साथीतून उठलेलं एक पोर म्हणजे माझा बाप," मामा म्हणाले. "तुझ्या आईचा बाप. आज दरबारात नगारा उघडला असता तर सगळ्या जुन्या लोकांनी गाठ बघितली असती. जुनं कातडं, गरम पाण्याशिवाय सुटत नाही, तुटतं. आणि काल राज्यात आग कुठं होती? मला एक दिवस हवा होता फक्त. साधी गाठ मारून रात्री वकिलातीच्या पायरीवर ठेवून आलो असतो."

"आणि तिबेसा?"

"तिचं नाव मागाहून धुतलं गेलं असतं."

"मागाहून? चूल थंड पडल्यावर?"

मामांनी मडक्याखालचं लाकूड आत सारलं. मग हलकेच म्हणाले, "झाकली मूठ आहे, कोबु. तुझीही आहे. चौरंगाचे पाय कुणी कापवले, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

ते तिला वर्मी लागलं, कारण खरं होतं. लूमन नवे आले तेव्हा ते चौरंगावर फारच ऐटीत बसतात असं तिला वाटलं होतं, आणि तिनं सुताराकडून चौरंगाचे पाय आणखी आखूड करून घेतले होते. त्या दिवशी दरबार खूप हसला होता. सगळ्यांत जास्त ती हसली होती. ज्या देशाच्या वैद्यानं तिच्या आजोबाला जगवलं, त्या देशाच्या माणसाच्या गुडघ्यांवर. तिला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"नगारा घ्या आणि चला," ती म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाऊन सांगते."

बिरुंगी मामांनी कागोमा पुन्हा कापडात गुंडाळला. मग ते उठले, चुलीवरचं गरम पाण्याचं मडकं उचललं आणि स्वतःच्याच चुलीत ओतलं. आग फसफसून विझली. पाहुण्याचं घर लुटणाऱ्याच्या चुलीत निखारा राहत नाही. नियम त्यांनाही पाठ होता.

सहा

दरबारात तिनं सगळं सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. नगारा येताना कसा वाजला, जाताना कसा, गाठ कुणाची, बोंब कुणाची. खुर्च्यांवर सगळ्या देशांचे राजदूत बसले होते. त्यांच्यासमोर आपल्या राज्याची आणि आपल्या आजोळची लक्तरं ती स्वतःच्या हातानं टांगत होती. काटेरेगानं चौरंग नेहमीच्या जागी आणून ठेवला होता. लूमन सवयीनं त्याच्याकडे वाकले. कोबुसिंगेनं त्यांचा दंड धरला, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः चौरंगावर बसली. गुडघे हनुवटीला लागले. या वेळी कुणी हसलं नाही.

लूमननी एवढंच विचारलं, "मग ती मुलं जगली?"

"जगली," ती म्हणाली.

तरुण राजा खिडकीकडे बघत होता. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती.

"नगाऱ्याचं उद्या बघू," तो म्हणाला. "आधी त्या बाईची चूल बघा."

निखाऱ्याचं मडकं घेऊन कोबुसिंगे तिबेसाच्या अंगणात पोचली तेव्हा टेकडीआड सूर्याची कड उरली होती. मागून लूमन लंगडत येत होते. शेजारच्या घरांतून धूर निघत होता. तिबेसा दारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"बाई, चूक माझी," कोबुसिंगे म्हणाली. "चोर माझ्याच घरात होता. निखारा घे."

"तुमच्या हातचा नको."

"तिबेसा, सूर्य चाललाय."

"जाऊ दे. ज्या हातानं वस्तीदेखत माझी चूल विझवली, त्या हातचं माझ्या चुलीला चालणार नाही, आत्या. यांच्या हातून द्या."

पाहुणा आग घेतो, देत नाही. शंभर वर्षांत एकदाही हा नियम मोडला नव्हता, आणि का आहे ते कोबुसिंगेला आता नीट कळलं. देणाऱ्याचा हात वर असतो. तो हात आपलाच राहावा म्हणून बुरेम्बेनं हा नियम केला होता.

तिनं मडकं लूमनच्या हातात दिलं.

त्यांना उंबरा ओलांडायला वेळ लागला. चुलीपुढे बसताना गुडघे कटकन वाजले, ते बाहेर अंगणात ऐकू आलं. सासऱ्यानं काठी टाकून वाळक्या केळीच्या पानांची मूठ पुढे केली. थोडा धूर झाला, मग आतली भिंत तांबूस दिसायला लागली आणि दोघी पोरींपैकी कुणीतरी रडली.

तिबेसानं कॉफीच्या बियांची टोपली आणली आणि लूमनपुढे धरली. त्यांनी एक बी उचलून तोंडात टाकली. मग ती दाराशी आली. टोपली तिनं आत्यापुढे धरली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि आत वळली.

कोबुसिंगे अंगणात अनवाणी उभी होती. ये असं कुणी म्हणालं नव्हतं, जा असंही कुणी म्हणालं नव्हतं. टोपली हातभर अंतरावर होती. अंधार पडला तरी तिला हात पुढे करायचा धीर झाला नाही.